झारेकऱ्याचा हिशेब

झारेकरी हा शब्द आजच्या पिढीतल्या किती जणांनी ऐकला असेल, कोण जाणे. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, तो धुऊन-चाळून त्यातले सोन्याचांदीचे कण वेगळे काढायचे, हा ज्याचा व्यवसाय तो झारेकरी. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेली घराणी आहेत. उत्तरेत अशा माणसाला न्यारिया म्हणतात, गुजरातीत धूळधोया. नावं वेगवेगळी, पण काम तेच. दुसऱ्याने झाडून टाकलेल्या मातीतून मोलाची वस्तू शोधायची.

सोनार कितीही सावध असला तरी कानशीने घासताना, तार ओढताना, डाग लावताना थोडा धातू सांडतोच. तो जमिनीच्या भेगांत जातो, भट्टीच्या राखेत जातो, हात धुतलेल्या पाण्यात जातो, बसायच्या तरटात अडकतो. म्हणून सोनाराच्या घरचा केर उकिरड्यावर जात नाही. तो साठवला जातो आणि झारेकरी तो अंदाजाने किंमत ठरवून उचलतो. मग हा केर जाळायचा, राख कुटायची, चाळायची आणि परातीत घेऊन पाण्याने हलक्या हाताने धुवायची. माती वाहून जाते, जड धातू तळाशी बसतो. अगदी बारीक कण मात्र असे हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी पारा वापरायचा. पारा सोन्याला धरून ठेवतो. तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं.

‘पारा उडून जातो’ असं आपण सहज म्हणून जातो. तो उडून जातो तो त्याच खोलीत. तिथे बसलेल्या माणसाच्या श्वासातून छातीत उतरतो, भिंतीवर बसतो, पावसाबरोबर गटारात येतो. सोन्याचा हिशेब गुंजेपर्यंत ठेवणाऱ्या आपल्या समाजाने या उडून गेलेल्या पाऱ्याचा हिशेब केव्हा ठेवायला सुरुवात केली? आजच्या भाषणात मला हीच गोष्ट सांगायची आहे.

मी भिवंडीचा. यंत्रमागांच्या या गावाचा आणि सोन्यारुप्याचा संबंध काय, असं कोणी विचारील. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर इकडे आले, पुढे तेलुगू भाषक पद्मशाली आले आणि कामवारी नदीच्या काठचं हे जुनं बंदर कापडाचं गाव झालं. कापड आलं की जर आली. खरी जर म्हणजे चांदीची तार. ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा पातळ मुलामा द्यायचा. चांगल्या जरीत वजनाच्या जवळजवळ निम्मी चांदी असे. त्यामुळे साडी विरली तरी तिचे काठ-पदर मोलाचे राहत. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी ‘जरीपुराणाऽऽ’ अशी हाळी ऐकू यायची. मुंबईकरांनाही ती परिचयाची असेल. फेरीवाला पदरातले दोन धागे उपसायचा, काडी लावून बघायचा आणि मग बायकांशी घासाघीस सुरू व्हायची. घेतलेले काठ तो पुढे भट्टीवाल्याला विकायचा. रेशीम जळून राख व्हायचं, चांदीचा गोळा उरायचा. आमच्या घरातल्या एका शालूचा शेवट असाच झाला. त्या पैशांत काय आलं ते आता आठवत नाही. त्या धुराचं काय झालं, हे तर तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल.

पुढे तांब्याच्या तारेची नकली जर आली, नंतर प्लास्टिकची चमकी आली आणि ती हाळी बंद पडली. आज ‘पुनर्वापर’ हा शब्द आपण नव्या शोधासारखा वापरतो. पण आपल्याकडे तो गल्लीतल्या हाळीइतका जुना आहे.

किंबहुना तो राज्यकारभाराइतका जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्या देखरेखीखालची अक्षशाळा आहे, म्हणजे सोन्यारुप्याचं सरकारी कामघर. तिथे काम करणाऱ्यांच्या यादीत दागिने घडवणारे आहेत, भाता फुंकणारे आहेत आणि ‘पांसुधावक’ही आहेत. पांसु म्हणजे धूळ. धूळ धुणारा, म्हणजे आपला झारेकरीच. या सर्वांची आत येताना आणि बाहेर जाताना झडती घ्यावी, असा नियम आहे. त्यापुढच्या अध्यायात सोनार कोणकोणत्या युक्तीने धातू चोरतो याची तपशीलवार जंत्री आहे.

अबुल फज्लने लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या टांकसाळीतल्या कारागिरांची ओळख आहे. तिथे ‘खाक-शोय’ भेटतो. खाक म्हणजे धूळ, शोय म्हणजे धुणारा. टांकसाळ झाडायची, केर घरी न्यायचा, धुऊन त्यातला धातू काढायचा आणि सरकारात महिन्याला साडेबारा रुपये भरायचे, असा त्याचा करार. काही खाक-शोय यात चांगले गबर होत, असंही अबुल फज्ल नमूद करतो.

या दोन्ही नोंदी वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. झारेकऱ्याची दखल सत्तेने फार पूर्वीपासून घेतली आहे. एका दरबाराच्या दृष्टीने तो संशयित होता, दुसऱ्याच्या दृष्टीने करदाता. पारा नि शिसं हाताळून त्याचं शरीर कसं झालं, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या कक्षेत नव्हता. त्या काळाला याचा दोष देता येणार नाही. पण हीच रीत किती काळ चालू राहिली, ते पाहण्यासारखं आहे.

मराठी मुलखात या व्यवसायाचं दुसरं मोठं केंद्र आहे सांगली जिल्ह्यात. विटा, खानापूर, आटपाडी हा पट्टा पावसाच्या छायेतला. शेती पिकेना म्हणून इथली माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळण्याचं काम शिकली. याला गलाई म्हणतात. बघता बघता या भागातल्या गलाई करणाऱ्यांनी तमिळनाडू-केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत सराफ बाजारांत आपली दुकानं थाटली. परक्या मुलखातला सराफ मोडीचं सोनं विश्वासाने त्यांच्या हाती देतो, कारण ‘घट’ किती येईल हे ते आधी सांगतात आणि तेवढीच घट येते. खानापूर-आटपाडीच्या गावांत उभी राहिलेली पक्की घरं या विश्वासातून आली आहेत.

गलाईचं तंत्रही समजून घेऊ. मोडीच्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते वितळवतात. मग हा मिश्र धातू नायट्रिक आम्लात, म्हणजे कारागिरांच्या भाषेत तेजाबात, टाकून तापवतात. तेजाब चांदी आणि तांबं विरघळवतो, सोन्याला हात लावत नाही. तळाशी तपकिरी भुकटी उरते, ती वितळवली की चोख सोनं. वरच्या पाण्यात चांदी असते. त्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदी खाली बसते आणि तांबं पाण्यात जातं. सोनं मिळालं, चांदी मिळाली. आता उरतं ते निळसर हिरवं, तांब्याचं आम्लधर्मी पाणी. शिवाय तेजाब उकळताना निघालेला तांबूस धूर. हा धूर छातीत गेला तर त्रास कधी कधी लगेच जाणवत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत शिसं घालून तापवतात, त्याची वाफ वेगळीच.

निळं पाणी आणि तांबूस धूर, ही दोन नावं श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत. घट काढताना या दोघांचं वजन कोणी करत नाही.

विसाव्या शतकात खुद्द सरकारलाच गलाईचं काम करावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० मध्ये रुपयातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त. तरीही चांदी पुरेना, म्हणून अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेतली गेली. युद्ध संपल्यावर ती परत करायची होती. मग चांदीची नाणी व्यवहारातून काढून घेतली, १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला आणि जुन्या नाण्यांतली चांदी वेगळी काढण्यासाठी कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीत शुद्धीकरणाची यंत्रणा चालवली गेली. १९५७ पर्यंत ही उसनवारी फिटली. तुमच्या-आमच्या आजोबांच्या खिशातला रुपया असा गाळला जाऊन साता समुद्रापार गेला.

त्यानंतर आला सुवर्ण नियंत्रणाचा काळ. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलनाची ओढाताण होती. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी आली. लाखो सुवर्णकारांची रोजी अडचणीत आली, काहींनी आत्महत्या केल्या. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोनाराच्या पेटीतलं ग्रॅमग्रॅम सोनं वहीत लिहावं लागे. सोनं शुद्ध करणाऱ्यालाही परवाना लागे. एवढा कडक कायदा, एवढे निरीक्षक, एवढ्या वह्या! पण वापरलेला तेजाब कुठे ओतला, या प्रश्नासाठी त्या वहीत रकाना नव्हता. कौटिल्याच्या सुवर्णाध्यक्षाने ती वही पाहिली असती तर त्याला ओळखीचीच वाटली असती.

हा रकाना दुसऱ्या दाराने आला. पाण्याचं प्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, म्हणजे याबाबतीत आपण पुढे होतो. १९८४ ची भोपाळची वायुदुर्घटना घडली, तिच्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. त्याच वर्षी बाझेल इथे घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. पाऱ्यासाठी मिनामाता करार व्हायला २०१३ उजाडलं. जपानमधल्या ज्या गावाचं नाव त्या कराराला आहे, तिथल्या कोळ्यांना पाऱ्याची बाधा झाल्याचं १९५६ मध्येच उघड झालं होतं. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला. झारेकऱ्याच्या परातीतल्या पाऱ्याची दखल जगाने घेतली ती अशी उशिरा.

या नियमांत काही ठिकाणी फार शहाणपण आहे, हे मान्य केलं पाहिजे. क्ष-किरण फिल्मचं उदाहरण घ्या. या फिल्मवर चांदीच्या क्षाराचा थर असतो. फिल्म धुताना त्यातली काही चांदी रसायनाच्या पाण्यात उतरते. दवाखान्याच्या मोरीतून किती चांदी वाहून गेली असेल याची कल्पनाच केलेली बरी. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम या पाण्याचं नाव घेऊन सांगतात की आधी त्यातून उपयोगी द्रव्य काढा, मग प्रक्रिया करा, मगच ते सांडपाण्यात सोडा. आमच्या झारेकऱ्याची रीत इथे प्रथमच शासकीय भाषेत आली, असं मी म्हणेन. त्याच वर्षी प्रदूषणाच्या प्रमाणात उद्योगांचे रंगवार गट नव्याने पाडले गेले. आम्ल वापरून सोनं-चांदी शुद्ध करण्याचं काम त्या याद्यांत नावानिशी नोंदलं गेलं.

आता पुन्हा भिवंडीकडे येऊ, कारण गोष्टीचा पुढचा भाग इथेच दिसतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आमच्या आसपासच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली. मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही नावं मालमोटारींच्या चालकांना देशभर ठाऊक आहेत. मुंबईत येणारा माल इथे उतरतो. संगणक, दूरध्वनी, दूरचित्रवाणी संच, सगळं. आणि जिथे नवा माल उतरतो, तिथे जुन्याचं भंगारही साठतं. भिवंडीच्या कडेला राहणाऱ्याला रात्री जळणाऱ्या वायरीचा वास ओळखता येतो. आवरण जाळायचं आणि आतलं तांबं काढायचं. संगणकाच्या पट्टीवर मात्र तांब्याबरोबर सोनंही असतं, कारण सोनं गंजत नाही आणि जोडणी पक्की राहते. खाणीतल्या एक टन दगडातून चार-पाच ग्रॅम सोनं मिळालं तरी खाण चालते. एक टन जुन्या मोबाइलमध्ये याच्या कितीतरी पट सोनं असतं. टोकियोच्या ऑलिंपिकसाठी जपानी लोकांनी दोन वर्षांत ७८,९८५ टन जुनी उपकरणं दिली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं आणि ३,५०० किलो चांदी निघाली आणि सगळी पदकं त्याच धातूंची झाली.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये झाले, २०१२ च्या मे महिन्यात ते लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले, २०२२ मध्ये पुन्हा बदलले. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या या नियमांनुसार उत्पादकाने विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के कचऱ्याचं पुनर्चक्रीकरण झाल्याची प्रमाणपत्रं घ्यायची असतात. पहिली दोन वर्षं हा वाटा ६० टक्के होता, मग ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. ही प्रमाणपत्रं हाती आलेल्या धातूवरून मोजली जातात, त्यांत लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम आणि सोनं येतं.

बघा, पुन्हा धातूचाच हिशेब! मग माणूस कुठे आहे?

माणूस कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिला, त्यालाही इतिहास आहे. शिशाची विषबाधा हा सरकारला कळवण्याजोगा रोग आहे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवलं. पण त्या मूळ कायद्याप्रमाणे वीज वापरणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असले तरच तो कारखाना ठरे. गलाईच्या गाळ्यात तीन माणसं असतात. झारेकऱ्याच्या घरात नवरा-बायको आणि मुलगा. भंगाराच्या शेडमध्ये पट्ट्या सोलायला आज पाच जण असतील, उद्या दोन. शिशाला माणसं मोजता येत नाहीत. कायदा मात्र मोजत राहिला.

दुसरी अडचण जागेची. मुंबईत काळबादेवी-झवेरी बाजार परिसरातल्या रहिवाशांनी सोनं वितळवण्याच्या धुराबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. अलीकडच्या काही वर्षांत महापालिकेने तिथली अनेक धुरांडी काढून टाकली. रहिवाशांची बाजू खरीच होती, त्या धुरात मुलं वाढवायची कशी? पण धुरांडं काढल्याने मोडीचं सोनं वितळवायची गरज संपत नाही. काम कुठे तरी जातंच. ते जिथे धूर कोणी विचारत नाही अशा जागी जातं. महानगराच्या कडेची गावं अशा वेळी घाबरतात आणि त्यांचं घाबरणं चुकीचं नाही. आमच्या कामवारी नदीने रंगाऱ्यांचं आणि सायझिंगचं पाणी आधीच पुष्कळ पचवलं आहे. तिच्यात निळ्या पाण्याची भर कशाला?

मला वाटतं, उत्तर नियमांतच एका कोपऱ्यात लिहिलेलं आहे. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी राज्यांच्या उद्योग खात्याला सांगितलं की या कामासाठी औद्योगिक वसाहतींत जागा राखून ठेवा. कामगार खात्याला सांगितलं की कचरा सोडवणाऱ्या, गाळणाऱ्या माणसांची नोंदणी करा, त्यांना शिकवा, त्यांचे गट उभे करा, त्यांच्या आरोग्याची दरवर्षी पाहणी करा. २०२२ च्या नियमांतही ही जबाबदारी राज्यावर कायम आहे. पांसुधावकाच्या झडतीपासून सुरू झालेल्या या लांबलचक गोष्टीत धूळ धुणाऱ्या माणसाच्या प्रकृतीची विचारपूस करणाऱ्या या ओळी मला फार मोलाच्या वाटतात. दंडाची आणि धाडीची बातमी होते. या ओळींची होत नाही.

या ओळी अमलात आणणं अवघड आहे, अशक्य मुळीच नाही. तेजाबाचा धूर पाण्याच्या फवाऱ्यात धरता येतो, त्याचं तंत्र जुनं आहे. निळ्या पाण्यातलं तांबं लोखंडाचा कीस टाकून परत मिळवता येतं, उरलेल्या पाण्यावर चुन्याची प्रक्रिया करता येते. एकट्या गाळेवाल्याला हे परवडत नाही, पण वीस गाळेवाल्यांना मिळून परवडू शकतं. पाव गुंजेची घट तोंडी सांगणारे, केरातलं सोनं नजरेने ओळखणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांना हाकलून देऊन हे काम फक्त मोठ्या यंत्रांच्या हाती दिलं, तर पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब वाया जाईल. आणि ते आहेत तसेच धुरात बसवून ठेवले, तर माणसं वाया जातील.

भिवंडीच्या परिसरात अशी एखादी सामाईक भट्टी उभी राहावी, तिच्या दारात कामगारांची नोंदवही असावी आणि त्या वहीत सोन्याच्या वजनाशेजारी माणसाच्या रक्तातल्या शिशाचाही आकडा असावा, एवढीच अपेक्षा आहे. तोवर आपल्या हातात एक छोटी गोष्ट आहे. घरातला जुना मोबाइल, आजीच्या शालूचे काठ, कपाटातल्या जुन्या क्ष-किरण फिल्म्स कोणाला देताना ‘किती देणार?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘कुठे नेणार आणि कसं गाळणार?’ हेही विचारावं. नोंदणी असलेल्याकडेच माल द्यावा. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला भेटाल तेव्हा या माणसांच्या नोंदणीचं काय झालं, तेही विचारावं.